नॉर्वेला जायचंय, पण तुकड्यातुकड्यानं

लांबच्या क्रूझचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा जहाज किती मोठं, किती मजल्यांचं, जेवायला काय काय मिळतं हे विचारतात. जहाजापर्यंत पोचायचं कसं हे कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं, विमानानं, अजून कशानं. मला तर आता वाटतं की आमच्यासारख्या साठी-सत्तरीतल्या माणसांनी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला पाहिजे, जहाज नंतर बघू, आधी बंदर कुठलं ते सांगा आणि त्या बंदरापर्यंत माझे पाय, माझी कंबर, माझं रक्त कसं पोचेल ते सांगा. गेलं वर्षभर आमच्या घरात हाच विषय चाललाय, नकाशे काढून झाले, टाइमटेबलं काढून झाली, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं, आपल्या जळगाव-भुसावळकडच्या कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

आमची लेक टोरांटोला असते. तिच्या मनात होतं की आम्हा दोघांना अलास्काची क्रूझ घडवायची. व्हँकुव्हरहून जहाज सुटतं, जुनो, स्कॅगवे, केचिकन अशी गावं करत सात दिवसांत फिरवून आणतं, मधे हिमनद्या थेट समुद्रात उतरताना दिसतात, बर्फाचे कडे तुटून पाण्यात पडतात. तिनं व्हिडिओ पाठवले आणि आम्ही दोघं रात्री जेवण झाल्यावर तेच बघत बसायचो. बाहेर भुसावळचा मे महिना, पारा 45 च्या आसपास, रात्री अकरा वाजता पण भिंतीला हात लावला तर गरम, आणि मोबाइलमधे निळा बर्फ. मला जायचं होतं, मनापासून जायचं होतं, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई जायला घाबरत होती.

अडचण यांच्या पायाची. हे रेल्वेत लोको पायलट होते, उभा जन्म भुसावळच्या लाइनवर गेला, पाय चांगले भक्कम होते. पण काही वर्षांपूर्वी आम्ही एका टूरबरोबर चारधामला गेलो, रोज दहा-दहा बारा-बारा तास बसमधे बसून राहायचं, आणि घरी आल्यावर आठ दिवसांनी यांची डावी पोटरी सुजली, लाल झाली, दुखायला लागली. आम्ही म्हटलं मुरगळला असेल. जळगावला नेऊन सोनोग्राफी केली तर आतल्या शिरेत गाठ. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट समजावलं, की पाय खाली सोडून तासन् तास हलला नाही की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत, रक्त तिथं साचतं, त्याची गुठळी होते, आणि तीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. हे त्या दिवसापासून रक्त पातळ करायची गोळी घेतात आणि सहा तासांच्या वर एका जागी बसायचं नाही असं त्यांना बजावून सांगितलंय.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला पाहिजे, उगाच कुणाला घाबरवायचं नाही मला. जागतिक आरोग्य संघटनेचा 2007 सालचा एक मोठा अभ्यास आहे, त्यात असं आलं की चार तासांच्या वर बसून प्रवास केला की ही गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळात तो धोका लहान असतो, सहा हजारांत एखाद्याला. आणि तो नुसता विमानात नाही, बस, कार, ट्रेन, कुठंही न हलता बसलं की तेच. म्हणजे धडधाकट माणसानं विमान टाळायचं काही कारण नाही. पण ज्याला एकदा गाठ होऊन गेलीय तो त्या सहा हजारांच्या हिशोबात बसत नाही, त्याचा हिशोब वेगळा, आणि तो त्याच्या डॉक्टरांनीच करायचा. शिवाय विमानाच्या आत हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ ठेवलेली असते आणि फार कोरडी असते, त्यात म्हातारी माणसं बाथरूमला उठायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत, मधल्या सीटवर अडकली की शेजारच्याला उठवायला संकोचतात, आणि मग चौदा-पंधरा तास तशीच. मी अशी माणसं पाहिलीत.

लेकीला सांगितलं तर तिनं सगळे उपाय काढले, व्हीलचेअर घेऊ, दाबाचे पायमोजे घेऊ, बिझनेस क्लास काढून देते आई, बाबा झोपून येतील. पोरीचा जीव तुटतो, मला कळत होतं. पण व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंत असते, आतले तास काही ती कमी करत नाही. बिझनेस क्लासला पाय लांब करता येतात हे खरं, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, पण दोन माणसांचं तेवढं भाडं ऐकून यांनी हात जोडले, पोरीच्या घराचे हप्ते चालू असताना तिच्याकडून हे घेणार नाही म्हणाले. इथून व्हँकुव्हर म्हणजे कसंही करा, एक थांबा धरून वीस तासांच्या वरच जातं, त्यात भुसावळ-मुंबई वेगळं.

मला राग कशाचा आला सांगू का, नातेवाइकांच्या बोलण्याचा. "एवढी पोरगी बोलावतेय आणि तुम्ही विमानाला भिता" असं दोन-तीन जणांनी तोंडावर म्हटलं. ज्या माणसानं रात्री-अपरात्री, पावसाळ्यात, धुक्यात हजार-दीड हजार माणसं मागे घेऊन गाडी चालवली त्याला भित्रा म्हणायचं! शरीर सांगतं ते ऐकायला पण हिंमत लागते, आणि आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांनी कुठल्या गोष्टीला नाही म्हटलं की त्याची लगेच भीती नाहीतर कंजुषी करून टाकतात. गावोगावी आता मुलं परदेशात आहेत, गावोगावी आई-बाप बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला वीस-वीस तास बसून जातात आणि महिनाभर पाय सुजवून बसतात, कुणाला सांगत नाहीत. सांगायला पाहिजे.

तर विमान एका दमात नको, पण जायचं तर आहे, मग काय. इथं यांच्यातला रेल्वेवाला जागा झाला. एक दिवस सकाळी चहाच्या आधीच वही घेऊन बसले आणि दुपारपर्यंत भुसावळ ते अलास्का असा अख्खा मार्ग काढला, एकही उड्डाण सहा तासांच्या वर नाही. मुंबईहून दुबई तीन तास, तिथं मुक्काम. दुबईहून व्हिएन्ना सहा तास, तिथं मुक्काम. तिथून लंडन अडीच तास. मग साऊदॅम्प्टनच्या बंदरातून क्वीन मेरी 2 नावाचं जहाज न्यूयॉर्कला जातं, 2004 सालापासून चालतंय, साधारण सात रात्रींचा प्रवास. त्यातली एक गोष्ट यांना फार आवडली, पश्चिमेला जाताना जहाजावर पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात, म्हणजे ते पाच दिवस पंचवीस-पंचवीस तासांचे, आणि न्यूयॉर्कला उतरता तेव्हा शरीर आपोआप तिथल्या वेळेवर आलेलं असतं, जेटलॅगचा प्रश्नच नाही. न्यूयॉर्क ते टोरांटो दिवसाची ट्रेन आहे, बारा-तेरा तास, पण उठून फिरता येतं. लेकीकडे आराम. आणि मग टोरांटो ते व्हँकुव्हर 'द कॅनेडियन' ही गाडी, 4,466 किलोमीटर, चार रात्री, काचेच्या छताचा डबा, रॉकी पर्वतातून. तिथून अलास्काचं जहाज.

मी तो कागद अजून जपून ठेवलाय. प्रत्येक टप्प्यापुढे यांनी रेल्वेच्या पद्धतीनं आगमन-प्रस्थान लिहिलंय. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे त्यांनी हा मार्ग खरोखर करावा असा आहे, यात काही स्वप्नातलं नाही, सगळी वाहनं आज चालू आहेत. पण आमच्यासाठी ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) एवढे व्हिसा, त्यात अमेरिकेच्या मुलाखतीच्या तारखेची वाट बघणं, महिन्याहून जास्त घराबाहेर, आणि खर्चाची बेरीज केली तर शेताचा तुकडाच विकावा लागेल. कागद बाजूला ठेवला. पण त्या कागदानं एक काम केलं, लांबचा प्रवास आणि लांब बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात शिरलं, लेकीच्या सुद्धा.

आणि खरं तर हे काही नवीन नाही, आपल्या दारावरून जाणाऱ्या गाडीचाच तो इतिहास आहे. पंजाब मेल यांनी किती वेळा चालवली असेल. ती गाडी 1912 साली सुरू झाली तेव्हा व्हीटीहून सुटत नव्हती, बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून सुटायची. साऊदॅम्प्टनहून डाकेचं जहाज तेरा दिवसांनी मुंबईला लागायचं, त्यातले गोरे अधिकारी आणि टपाल उतरून सरळ गाडीत बसायचे आणि भुसावळ, इटारसी, आग्रा, दिल्ली, लाहोर करत पेशावरपर्यंत जायचे. दोन वर्षांनी ती व्हीटीहून सुटायला लागली. म्हणजे जहाजाला जोडून गाडी, गाडीला जोडून जहाज, ही रीत आपल्या लाइनवर शंभर वर्षांपूर्वीच होती. आणि आजही बघा, भुसावळहून रात्री अमरावती एक्स्प्रेसमधे झोपलं की पहाटे सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पियरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर. भुसावळकराला मुंबईच्या जहाजावर चढायला अंधेरी-बोरिवलीच्या माणसाइतकंच सोपं आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही.

मी तर म्हणेन ज्यांना समुद्रच बघायचाय, जहाजावर राहायचंय, त्यांनी लांब जायची घाईच करू नये. मुंबईहून कॉर्डेलियाचं एम्प्रेस जहाज 2021 पासून चालतं, गोवा, लक्षद्वीप, कोचीच्या फेऱ्या असतात, आणि 2023 मधे त्यांनी चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या पण सुरू केल्या होत्या. कुठली फेरी कुठल्या सीझनला आहे ते आधी बघून घ्यायचं, कारण त्या बदलत राहतात. आणि खानदेशातल्या माणसाला कोची आणि चेन्नई दोन्हीकडे गाडी न बदलता जाता येतं, मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगावहून थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीलाच, जाते, नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला. खालचा बर्थ घ्यायचा, पाय लांब करून झोपायचं, दर दोन तासांनी डब्यात एक फेरी मारायची. सिंगापूर पण फार लांब नाही, चेन्नईहून साडेचार तास, आणि तिथून पेनांग, फुकेतच्या क्रूझ बाराही महिने मिळतात.

आम्ही आधी मुंबईचंच जहाज केलं, रंगीत तालीम म्हणून. यांना समुद्र लागतो का, अरुंद केबिनमधे रात्री उठता येतं का, जिने किती, हे सगळं बघायचं होतं. त्यात मला सगळ्यात जास्त कामाची गोष्ट कळली ती पायमोज्यांची, ती सांगते. हे दाबाचे मोजे दुकानातून असेच घ्यायचे नसतात, घोट्याचं, पोटरीचं माप सकाळी सूज नसताना घेऊन त्या मापाचे घ्यायचे, आणि दाब किती हवा ते डॉक्टर सांगतात. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधीच घालायचे, एकदा पाय खाली सोडून बसलं की रक्त उतरतं आणि मग मोजा चढता चढत नाही. मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालते, त्यानं कापड घट्ट धरता येतं, मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, टाच बरोबर टाचेत बसवायची आणि मग तळहातानं थोडा थोडा वर सारत न्यायचा, ओढायचा नाही, आणि वरती एकही घडी राहू द्यायची नाही, घडी राहिली की तीच दोरीसारखी काचते. पावडर लावली तर सोपं जातं. पहिल्या दिवशी आम्हाला अर्धा तास लागला, आता चहा उकळेपर्यंत होतं.

आणि जहाजावर हे जे फिरायचे! सकाळी डेकवर फेऱ्या, जेवण झालं की फेऱ्या, रात्री पण. कठड्याला हात लावून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, हात ठेव, इंजिनाचा ठोका लागतो बघ. निवृत्त झाल्यापासून एवढे खुश मी त्यांना पाहिले नव्हते. पायाला सूज नाही, दम नाही. जहाज हे वाहन त्यांच्यासाठी अगदी बरोबर आहे हे तिथंच कळलं, चालता येतं, आडवं होता येतं, डॉक्टर असतो, आणि तरी आपण पुढे जात असतो.

मग राहिला बर्फाचा प्रश्न. बर्फ, डोंगर आणि समुद्र एकत्र पाहिजे तर अलास्काच कशाला, नॉर्वे आहे, हे लेकीनंच काढलं. आणि त्याहून मोठी गोष्ट तिनं काढली, म्हणाली आई, सगळं अंतर तुम्हीच का कापायचं, मी टोरांटोहून सात-आठ तासांत युरोपात येते, तुम्ही इकडून या, आपण मधे भेटू. इतके महिने आम्ही सगळे तिच्या बाजूला कसं पोचायचं तेच बघत होतो. हे तिचं वाक्य मी फोनवर ऐकलं आणि मला रडू आलं, खरंच आलं.

आधी विचार झाला हुर्टिगरुटेनचा. नॉर्वेच्या किनाऱ्यानं 1893 सालापासून चालणारी, मूळची टपालाची बोट आहे ती, आता बर्गनपासून वर किर्केनेसपर्यंत जाते, 34 बंदरं, जाऊन-येऊन बारा दिवस. यांचं म्हणणं ही तर आपली पॅसेंजर गाडी झाली, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी. मनात भरली होती, पण बर्गनपर्यंत पोचायला आम्हाला एक विमान जास्त लागत होतं आणि भाडं पण झेपणारं नव्हतं. म्हणून मग जर्मनीचं कील बंदर, तिथून पण नॉर्वेच्या क्रूझ सुटतात.

आता जो मार्ग ठरलाय तो असा. अमरावती एक्स्प्रेसनं मुंबई, ही गाडी मी मुद्दाम घेतलीय कारण ती अमरावतीहूनच निघते, लांब हावड्या-बनारसहून येणाऱ्या गाड्यांसारखी उशीर व्हायची भीती कमी. डोंबिवलीला बहिणीकडे दोन दिवस. मुंबई-दुबई तीन तास, तिथं भाचीकडे मुक्काम, त्याला दुबईचा छोटा व्हिसा लागतो. दुबई-व्हिएन्ना सहा तास, हाच आमचा सगळ्यात मोठा टप्पा, डॉक्टरांना विचारून, कडेची सीट घेऊन, दर तासाला उठायचं ठरवून. व्हिएन्नाला दोन रात्री. तिथून संध्याकाळी नाइटजेट नावाची रात्रीची गाडी निघते ती सकाळी हॅम्बर्गला, डिसेंबर 2023 पासून त्या मार्गावर नवीन डबे आलेत, झोपायची केबिन आहे, दार लावून आडवं व्हायचं. हे तर आत्तापासूनच त्या डब्यांचे फोटो बघतायत, बोगी कशी आहे, ब्रेक कसे आहेत. हॅम्बर्गला लेक आणि जावईबापू भेटतील. तिथून कील सव्वा तास लोकलनं, आणि कीलला बंदर स्टेशनापासून जवळच आहे. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी बंदराच्या गावात पोचायचंच हा आमचा नियम, कारण उशीर झाला म्हणून जहाज कुणासाठी थांबत नाही, दार तर सुटायच्या बरंच आधी बंद होतं.

ऑस्ट्रिया, जर्मनी, नॉर्वे तिन्ही शेंगेनमधे, त्यामुळे एकाच व्हिसात काम होतं. ज्या देशात जास्त रात्री तिकडे अर्ज करायचा, सारख्या असतील तर जिथं पहिल्यांदा उतरणार तिकडे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान तीस हजार युरोचा विमा लागतो, आणि आमच्यासारख्यांनी आधीचा आजार विमा कंपनीला लिहून द्यायचाच, लपवला तर ऐन वेळी काही हातात पडत नाही. गोळ्या, चिठ्ठी, रिपोर्ट हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग बंदरावर जहाजाच्या लोकांकडे द्यावी लागते आणि ती केबिनमधे यायला संध्याकाळ होते.

कीलहून निघालं की जहाज डेन्मार्कच्या स्टोअरबेल्ट पुलाखालून जातं, पूल पाण्यापासून 65 मीटर उंच, मोठ्या जहाजांना त्या मापातच राहावं लागतं. मग गायरांगर फ्योर्ड, पंधरा किलोमीटर आत शिरलेला समुद्र, दोन्ही बाजूला उभे कडे, 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथं सात बहिणी नावाचा धबधबा आहे, एका कड्यावरून शेजारी शेजारी सात धारा, आणि मे-जूनमधे वरचा बर्फ वितळत असतो म्हणून त्या भरून वाहतात. नेमका आपल्याकडे तापीचं पात्र कोरडं पडलेलं असतं तो महिना. रात्री दहा-अकरापर्यंत उजेड. मी तर ठरवलंय त्या दिवशी जेवायला पण आत जायचं नाही.

पण यांचा जीव अडकलाय फ्लामला. जहाज निवडताना एकच अट होती यांची, फ्लामला थांबलं पाहिजे. तिथून एक रेल्वे आहे, समुद्राच्या पातळीपासून निघते आणि वीस किलोमीटरमधे 867 मीटर वर मिर्डालला चढते. आपला कसारा घाट 1:37 चा, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ, आणि तेवढ्यासाठी मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, इगतपुरीला गाड्या नेणाऱ्या माणसाला त्या घाटाचा दरारा काय असतो ते माहीत असतं. फ्लामचा चढ 1:18 चा आहे. यांनी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. दात्याची रेल्वे असेल म्हणाले, म्हणजे मधल्या दातेरी रुळात दातेरी चाक अडकवून चढणारी, मग शोधलं तर दाते नाहीतच, साध्या रुळांवरून, नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते. तेव्हापासून रोज एक नवा प्रश्न, उतरताना ब्रेक किती प्रकारचे, पानं पडली की चाकं घसरत असतील का, ड्रायव्हरची ड्यूटी किती तासांची. सावद्याला माहेरी गेलो तेव्हा माझ्या दादाला पण हेच सांगत बसले. दादा केळीवाला, त्याचा माल तेरा-चौदा डिग्रीच्या कंटेनरमधून जेएनपीटीहून जहाजानं आखातात जातो. त्यानं मला वेगळंच विचारलं, काबरं बाई, आपलं केळं ज्या जहाजातून जातं त्याच्यात माणसाला नाही का बसू देत? काही मालाच्या जहाजांवर थोडे प्रवासी घ्यायचे, पण नियमानं बाराच्या वर नाही, आणि बाराच्या आत असले की डॉक्टर ठेवायचं बंधन नसतं, म्हणून आमच्या कामाचं नाही. पण त्याच्या प्रश्नाचं मला कौतुक वाटलं. भित्रा म्हणणाऱ्यांपेक्षा हा बरा, वाट तरी शोधतोय.

परतीचं अजून जमलेलं नाही. लेक म्हणते कीलहून आठ दिवस सोबत राहू आणि मग हॅम्बर्गहून दुबईचं सरळ विमान घ्या, साडेसहा तास होतात, अर्धा तासच जास्त आहे. हे म्हणतात सहा म्हणजे सहा, परत नाइटजेटनं व्हिएन्ना. डॉक्टरांची पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय, तिथं दोन्ही मार्ग लिहून नेणार आहे आणि ते म्हणतील तसं तिकीट काढणार आहे. नाइटजेटच्या खालच्या बर्थची बुकिंग मात्र ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी करायची, त्याचा अलार्म यांनी स्वतःच्या मोबाइलमधे लावून ठेवलाय आणि माझ्या पण.